पास्कूच्या तीन पेट्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते कुणी विचारू नये. विचारलं की बागवाडीवाले शंभर वर्षं वाढवून सांगतात, कोळवाड्यातले त्यावर आणखी दोनशे चढवतात, आणि गोष्ट राहते बाजूला. एवढं धरून चला की तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा जवळ होता, माणसं आजच्यापेक्षा लांब होती, आणि वेळंगण गावात पास्कू नावाचा एक सुतार होता.

गाव सगळं ख्रिस्ती. चर्च एक, पाद्रीबाबा एक, वेदी एक. पण एवढ्यावर भागतं होय? बागवाडीचे लोक म्हणजे केळी, पानवेली आणि रहाटांचे मालक. ते चर्चमध्ये सगळ्यांत पुढं बसायचे, कारण त्यांची तोंडं बघितल्याशिवाय देवाला करमत नाही अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या मागं कोळवाडा. कोळ्यांना मागं बसण्याचं काही वाटत नसे, फक्त बागवाडीच्या मागं बसण्याचं वाटे. आणि मिठागरावर राबणारी जी वस्ती होती ती दाराबाहेर, पायरीखाली, उन्हात उभी. पाद्रीबाबा दर रविवारी सांगायचे की आपण सगळे ख्रिस्तात एक आहोत, आणि तिन्हीकडची माणसं आपापल्या जागेवरून मान डोलवायची. पाद्रीबाबांना कमी दिसायचं. त्यांना डोलणाऱ्या माना दिसायच्या, मधलं अंतर दिसायचं नाही.

मेल्यावरही तोच थाट. बागवाडीचं माणूस गेलं की पेटीवर लाल कापड, मोठी घंटा, आणि खांदेकऱ्यांच्या अंगावर लाल ओपा. ओपा म्हणजे गळ्याशी बांधून पाठीवर सोडायचा झगा. कोळवाड्याचं गेलं की निळं कापड, धाकटी घंटा, निळा ओपा. आणि मिठागराचं गेलं की ना पेटी, ना घंटा. चटईत गुंडाळायचं आणि कबरस्तानच्या भिंतीबाहेर चिंचेखाली पुरायचं. का, तर ओपा नसलेल्यानं फाटकातून आत मयत आणायचं नाही असा नियम. त्यांना ओपा का नाही, तर कुणी दिला नाही म्हणून. असा सगळा पक्का बंदोबस्त होता.

या बंदोबस्तात पास्कू कुठं बसायचा? कुठंच नाही. तो घंटा वाजवायचा आणि तिच्या दोराखाली उकिडवा बसायचा. कारण त्याला वाडीच नव्हती. एकदा एक परदेशी गलबत गोडं पाणी भरायला खाडीत थांबलं होतं. ते निघून गेलं आणि पास्काच्या सणाला, येशू पुन्हा उठला त्या दिवशी, चर्चच्या पायरीवर एक तान्हं पोर सापडलं. काळंभोर, डोक्यावर मिरीचे दाणे पेरावेत तसे गोळा झालेले केस. हबशी खलाशाचं असावं, असं म्हणतात. पास्काला सापडलं म्हणून नाव पडलं पास्कू. बागवाडी म्हणाली, कोळ्यांनी सांभाळावं, समुद्रातून आलंय. कोळवाडा म्हणाला, बागवाडीनं सांभाळावं, जमिनीवर सापडलंय. पोर रडत होतं. मग पायरीखाली उभी असलेली मिठागरावरची मोनीबाय वर आली. तिचं स्वतःचं तान्हं नुकतंच गेलं होतं. तिनं पोर उचललं, पदराखाली घेतलं आणि उन्हातून चालू लागली. तिला कुणी घे म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. बाकीचे सणाचं जेवायला आपापल्या घरी गेले.

तो पास्कू वाढला तो माडासारखा. हात असे की कोळ्यांच्या होड्या त्यानं बांधाव्यात, बागवाडीचे रहाट त्यानं बसवावेत आणि सगळ्या गावाच्या शवपेट्याही त्यानंच ठोकाव्यात. भरलेली पेटी तो एकट्यानं खांद्यावर घ्यायचा आणि वर शीळ घालायचा. तो हसला की चर्चच्या कौलांतली वटवाघळं उडायची, असं म्हणतात. आणि हसण्याला त्याला काहीही पुरायचं. बागवाडीचा मुखी होता बस्त्याव. रुंद छाती, आखूड मान, आणि सगळ्याच गोष्टींबद्दल तक्रार. पास्कूनं त्याच्या रहाटाला असा एक दात बसवून दिला की बैल फिरू लागले की रहाट थेट बस्त्यावच्या आवाजात कुरकुरायचा. पोरंबाळं ऐकायला गोळा व्हायची. बस्त्यावला वर्षभर कळलं नाही की लोक त्याच्या विहिरीवर का हसतात.

या बस्त्यावची आई सिसिलबाय. म्हातारी, वाळून काठी झालेली, पण बागवाडीत तिच्या शब्दाबाहेर केळ पिकत नसे. तिनं लेकाकडून एक वचन घेतलं होतं. "मला मोठ्या क्रुसाखाली ठेव. लाल कापडात ने. आणि रोज येऊन माझ्याशी बोल, नाहीतर मला करमायचं नाही." बस्त्यावनं क्रुसावर हात ठेवून कबूल केलं होतं. हट्टी माणूस होता, पण आईवर जीव होता त्याचा. हे ध्यानात ठेवा.

मग त्या साली पटकी आली. जुलाब-उलट्यांनी माणूस सकाळी बसे आणि संध्याकाळी उठे ते पेटीतच. गाव हबकलं. नवऱ्यानं दिलेलं पाणी बायको घेईना. बस्त्याव पाद्रीबाबांकडे गेला आणि नियम करून आला की पटकीनं गेलेल्याची पेटी एकदा ठोकली की उघडायची नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. आणि मयताला घरच्यांनी हात लावायचा नाही. मग लावायचा कुणी? सगळ्यांनी एकदम पास्कूकडे बघितलं. या बाबतीत गावाचं पहिल्यांदा एकमत झालं.

एकाच दिवशी तीन म्हाताऱ्या गेल्या. बागवाडीची सिसिलबाय. कोळवाड्याच्या कैतान तांडेलाची आई फिलूबाय. हा कैतान कोळ्यांचा पुढारी आणि बस्त्यावचा जन्माचा वैरी. आणि मिठागरावरची मोनीबाय.

पास्कू बस्त्यावच्या दारात आला तेव्हा बस्त्याव लांब, विहिरीच्या काठावर उभा होता. नाकाला कापराचा रुमाल. म्हातारीला त्यानं आदल्या दिवशीच गोठ्याशेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. पास्कूनं तिला चादरीत गुंडाळून अलगद उचललं, आणि अंगणात थांबला.

"तोंड बघतोस?" त्यानं विचारलं.

बस्त्यावनं मान हलवली. "पेटी चांगली कर," रुमालाआडून तो म्हणाला. "लाल कापड पाठवतो."

कोळवाड्यातही असंच झालं. कैतान तर होडीत जाऊन बसला होता, नांगर उचलून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्त्याव लाल ओपा घालून, आपल्या माणसांना घेऊन चर्चच्या ओट्यावर पोचला. समोरून कैतान निळा ओपा घालून आला. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, आणि म्हणून दोघांची नजर एकदमच ओट्यावर गेली.

ओट्यावर तीन पेट्या होत्या. एकाच आंब्याच्या फळ्यांच्या, एकाच मापाच्या. कापड नाही, खूण नाही, रेघही नाही. पास्कू शेजारी बसला होता.

"कापड कुठंय?" बस्त्याव म्हणाला.

"हे काय, त्यावरच बसलोय. फरशी गार लागत होती."

"पास्कू, चेष्टेची वेळ नाही. आई कुठली?"

"यातलीच."

"यातली कुठली?"

पास्कूनं डोकं खाजवलं. "तिथंच तर घोळ झालाय, मुखी. तिघींना न्हाऊ घातलं. तिघींना सारख्याच पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, वेगळं काही कुणी दिलंच नव्हतं. झाकणं ठोकली. आणि आता मला सांगता येत नाही कोण कुठं आहे ते."

बस्त्यावच्या कानात समुद्र शिरल्यासारखं झालं. त्यानं पहिल्या पेटीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, तिसरीकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्याला तक्रार करायला शब्द मिळेना. कैतान तांडेल वादळात हसणारा माणूस, तो मटकन ओट्यावर बसला. मागं उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडात धरले. म्हणतात की त्या वेळी रहाट थांबले, कावळे बसल्या जागी गप्प झाले आणि खाडीचं पाणी मधेच अडून राहिलं, पुढं जावं की मागं हे न कळून.

"मोनीबायला पेटी कुणी दिली?" शेवटी बस्त्याव ओरडला.

"मी सुतार आहे," पास्कू म्हणाला. "आणि ती माझी आई आहे."

"झाकण उघड," कैतान म्हणाला.

"पटकीची पेटी उघडायची नाही," दारातून पाद्रीबाबांचा आवाज आला. "गावाचा नियम आहे. बस्त्यावनंच करून घेतलाय."

बस्त्याव हार मानणारा नव्हता. त्यानं घरी माणूस पाठवून आईचा कुत्रा आणवला. काळू त्याचं नाव, म्हातारीच्या पायाशी झोपणारा. काळूनं तिन्ही पेट्या नीट हुंगल्या. सगळ्या गावानं श्वास रोखला. मग काळू तिन्हींच्या मधोमध गेला, गोल फिरला, आणि पंजावर तोंड ठेवून झोपला. बस्त्यावनं त्याला बरंच काही ऐकवलं. काळूनं एक डोळा उघडून मिटला.

मग बस्त्याव म्हणाला, वजन बघतो, आईचं वजन मला ठाऊक आहे. त्यानं एकेक पेटी डोक्याकडून उचलून बघितली. तिन्हींचं वजन सारखं. गुंजभराचा फरक नाही. बस्त्यावला घाम फुटला, आणि तो वजनाचा नव्हता. त्याला आठवलं की आपण आईला उचलली ती नेमकी कधी? गोठ्याकडे नेली तीसुद्धा गड्यांकरवी. तिचं वजन त्याला ठाऊकच नव्हतं.

"कसला सुतार तू," तो पास्कूवर धावला. "माणसं ओळखता येत नाहीत?"

पास्कू तेव्हा हसला नाही. हीच गोष्ट गावानं पुढं सगळ्यात जास्त सांगितली, की त्या घडीला पास्कू हसला नाही.

"काल दिवसभर दार उघडं ठेवलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, कुणी येईल शेवटचं तोंड बघायला. जो येईल त्याला कळेल आपली कुठल्या पेटीत गेली. ऊन उतरेपर्यंत वाट बघितली. कुणी आलं नाही."

बस्त्याव आणि कैतान दोघंही आपापल्या ओप्याची गाठ चाचपू लागले.

"ते जाऊ दे," पास्कू उठला. "नियम म्हणजे नियम. दोन पेट्या आत, मोठ्या क्रुसाकडे. एक बाहेर, चिंचेखाली. कुठली बाहेर न्यायची तेवढं बोट दाखवा. मी एकटाच नेतो."

बस्त्यावनं हात वर केला. बोट लांब केलं. पहिल्या पेटीवर धरलं, आणि त्याला वाटलं, आईनं आतून बघितलं. बोट दुसऱ्या पेटीवर गेलं. मग तिसऱ्या. मग पुन्हा पहिलीवर आलं. चिंचेखालची जागा त्याला ठाऊक होती. तिथं डुकरं उकरत. त्यानंच एकदा म्हटलं होतं, मेलेल्याला काय कळतंय.

त्यानं बोट मुठीत घेतलं आणि हात खाली केला.

"कैतान," तो म्हणाला. वीस वर्षांत त्यानं हे नाव शिवीशिवाय घेतलं नव्हतं. "तू दाखव."

"मी नाही बाबा," कैतान म्हणाला. "माझी आये निघाली तर रोज रात्री माझी होडी उलटी करेल."

मग दोघंही पायरीखाली बघू लागले. तिथं मोनीबायचा भाऊ जुरान उभा होता. पायांना मिठाच्या जखमा, अंगावर फाटका सदरा. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आजवर कधीच नाही.

"तू रे?" बस्त्याव म्हणाला.

"आमची बाहेरच जाते दरवेळी," जुरान म्हणाला. "पण तुमची चुकून गेली तर आम्हाला पाप लागेल. आम्ही नाही दाखवत."

म्हणतात की हे ऐकून बस्त्यावच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते त्यानं कापराच्या रुमालानं पुसलं, आणि कापूर डोळ्यांत गेल्यानं आणखी आलं, त्यामुळं खरं किती आणि कापराचं किती हे आजवर ठरलेलं नाही.

तिन्ही पेट्या आत न्यायच्या ठरल्या. पण न्यायच्या कुणी? बस्त्याव म्हणाला, जिथं माझी आई असेल तिथं माझा खांदा. कैतान म्हणाला, माझाही. मग प्रत्येक पेटीला दोघांनी खांदा द्यायचं ठरलं. एक पेटी वेदीपुढून मोठ्या क्रुसापर्यंत न्यायची, परत यायचं, दुसरी न्यायची. पण चार खांदे तर लागणार, आणि जुरान अजून पायरीखालीच.

"चढ वर," कैतान म्हणाला. "तुझी म्हातारी कुठली ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. मग लाजतोस कुणाला?"

"ओपा नाही माझ्याकडं."

बस्त्यावनं गळ्याची गाठ सोडली. लाल झगा काढला आणि जुरानच्या पाठीवर टाकला. बागवाडीची माणसं अशी बघत राहिली जशी काही त्यानं स्वतःची कातडी काढून दिली होती. त्याची बायको मागून म्हणाली, "अहो, दिवसाढवळ्या काय हे?" त्यानं जुरानच्या गळ्याशी गाठ बांधली. चौथा खांदा पास्कूचा होता, आणि पास्कूच्या उंचीला पुरायला बाकी तिघांना टाचा उचलून चालावं लागलं.

पाद्रीबाबांपुढंही पेच होता. पेटीवर मयताचं नाव घेऊन प्रार्थना करायची, तर नाव कुठलं घ्यायचं? त्यांनी चष्मा पुसला आणि तिन्ही पेट्यांवर तिन्ही नावं घेतली. सिसिल, फिलू, मोनी. फिलू, मोनी, सिसिल. मोनी, सिसिल, फिलू. मोनीबायचं नाव वेदीसमोर कुणी घ्यायची ती पहिलीच वेळ. पायरीखालच्या बायका आत शिरल्या त्या तेव्हा. कुणी बोलावलं म्हणून नाही, नाव ऐकून पाय आपोआप उचलले म्हणून. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण अडवायला ज्यांचे हात मोकळे असत त्यांच्या खांद्यावर पेटी होती.

घंटा वाजवणारा पास्कू, तोही पेटीखाली. तरी मोठी आणि धाकटी दोन्ही घंटा वाजल्या, दोराला हात न लागता, असं म्हणतात. काही लोक म्हणतात वारा होता. त्यांच्याकडं लक्ष देऊ नका, ते बाहेरगावचे आहेत.

मोठ्या क्रुसाखाली तीन कबरी झाल्या, शेजारी शेजारी, सारख्या. पटकी त्यानंतर गावातून गेली. का गेली ते देव जाणे. बहुतेक तिलाही कळेना कुठल्या वाडीत जायचं ते.

पण बस्त्यावची गोष्ट इथं संपत नाही. त्याला वचन पाळायचं होतं, रोज आईशी बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी तो मेणबत्ती घेऊन गेला आणि तीन कबरींसमोर खांबासारखा उभा राहिला. एका कबरीवर लावली तर बाकी दोन बघत होत्या. तो घरी गेला आणि आणखी दोन घेऊन आला. मग बोलायचं कुणाशी? त्यानं तिघींना ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. केळ्यांचे भाव, सुनेची तक्रार, रहाटाची कुरकुर. कधी कैतान तिथं असायचा, तोही तीन मेणबत्त्या घेऊन, आणि तोही आपली मासळी सांगत असायचा. पहिल्यांदा दोघं एकमेकांवर ओरडायचे की गप्प बस, आईला माझं ऐकू येत नाही. मग हळूहळू एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं असं झालं. जुरान यायचा तेव्हा बोलायचा नाही. तीन कबरींवर मूठ मूठ मीठ ठेवून जायचा. एकदा बस्त्याव त्याला म्हणाला, "तूही बोल रे, आईला मिठाचं कळू दे." जुरान कुठल्या आईला म्हणून विचारायला गेला आणि थांबला.

एवढं होऊनही बस्त्यावच्या मनातला काटा निघत नव्हता. खरी कुठली, हे त्याला कळायलाच हवं होतं. पास्कूला ठाऊक आहे आणि तो मुद्दाम सांगत नाही, अशी त्याची खात्री होती. म्हणून त्यानं पास्कूला जेवायला बोलावलं. ओटीवर नाही, आत, टेबलावर. बागवाडीतल्या बायका दारांच्या फटींतून बघत होत्या आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. बस्त्यावच्या बायकोनं डुकराचं इंद्याल केलं होतं, बरोबर तांदळाच्या भाकरी. पास्कू पोटभर जेवला, बोटं चाटली, डोळे मिटून म्हणाला, "आठवतंय. आठवतंय. ती डावीकडची..." बस्त्याव खुर्चीच्या टोकावर आला. "नाही," पास्कू म्हणाला, "मीठ जरा कमी होतं. विसरलो."

पुढच्या महिन्यात मीठ बरोबर होतं, पण मिरची जास्त पडली म्हणून विसरला. नाताळला वडे गार होते म्हणून विसरला. अशी वर्षं गेली. पास्कूची खुर्ची बस्त्यावच्या घरात ठरून गेली. पुढं पुढं बस्त्याव विचारायचंही विसरायचा, आणि मग पास्कूच आठवण करायचा, "आज विचारलं नाहीस, मुखी?"

मग पास्कू म्हातारा झाला. होड्या बांधायच्या शाकारलेल्या मांडवात, लाकडाच्या भुशावर तो अंथरूण धरून पडला. निरोप गेला तसा बस्त्याव काठी टेकत आला. दुपारची वेळ होती, मांडवात डांबराचा वास होता.

"बस," पास्कू म्हणाला. "आज खरंच सांगतो. आता मीठ कमी असण्याचा प्रश्न नाही. त्या तिघींतली तुझी..."

बस्त्यावनं पुढं होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. कशी चपळाई आली कुणास ठाऊक.

"नको," तो म्हणाला.

पास्कूनं डोळे मोठे केले.

"नको सांगूस," बस्त्याव म्हणाला. "तू आता डावीकडची म्हणालास, तर उजवीकडच्या दोघींना उद्या काय तोंड दाखवू? इतकी वर्षं त्यांच्याशी बोलतोय. सुनेचं सगळं सांगून बसलोय त्यांना."

पास्कू त्याच्या हाताखालून हसू लागला. आधी पोट हललं, मग अंथरूण, मग मांडव. चर्चच्या कौलांतून वटवाघळं भर दुपारी उडाली, असं म्हणतात.

"वाचवलंस रे," तो म्हणाला. "आता काय फेकावं तेच सुचत नव्हतं. मला तरी कुठं ठाऊक आहे?"

बस्त्याव बघतच राहिला. हातातली काठी गळून पडली.

"ठाऊक नाही? तुला? खरंच?"

"झाकणं ठोकली आणि तुझं लाल कापड डोळ्यांवर बांधलं. मग पेट्या फिरवत बसलो. फिरवायची, सरकवायची, पुन्हा फिरवायची. डोकं गरगरेपर्यंत. पट्टी सोडली तेव्हा मलाही कळेना."

"पण तुझी आई होती त्यात," बस्त्याव म्हणाला. "तू तिला न्हाऊ घातलं होतंस. तोंड बघणारा तू एकटा होतास."

"म्हणून तर," पास्कू म्हणाला. "मला ठाऊक असतं, तर मी तिच्याच कबरीवर बसून रडलो असतो. बाकीच्या दोघींकडं ढुंकून बघितलं नसतं. अगदी तुझ्यासारखा."

बस्त्यावनं वाकून काठी उचलली. मग त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली.

"म्हणजे इतकी वर्षं माझं इंद्याल खाल्लंस ते..."

"मस्त होतं," पास्कू म्हणाला, आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. तोंडावरचं हसू मात्र मिटलं नाही, ते तसंच पेटीत गेलं.

पास्कूला खांदा द्यायला तिन्हीकडून इतके लोक आले की पेटी कुणाच्या खांद्याला टेकलीच नाही, माणसांच्या हातांवरून तरंगत गेली, असं म्हणतात. पाद्रीबाबा तेव्हा नवे आले होते. चर्चच्या दारात त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पेटीत कोण आहे? कुठल्या वाडीचा?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. पास्कूला वाडीच नव्हती. समुद्राचा म्हणावा, तर मिठागराचं दूध प्यालेला. मिठागराचा म्हणावा, तर अर्ध्या बागवाडीत जेवलेला. पाद्रीबाबा वाट बघत राहिले. शेवटी बस्त्याव म्हणाला, "आपलं माणूस."

कैतान म्हणाला, "आपलं माणूस." जुरान म्हणाला. मग सगळा ओटा म्हणाला.

तेव्हापासून वेळंगणात पेटीवर ना लाल कापड असतं ना निळं. कुणीही जावो, जमीनदार की जाळंवाला, पेटी आंब्याच्या साध्या फळ्यांची आणि खांदे ज्याचे जवळ असतील त्याचे. चर्चच्या दारात पेटी जागच्या जागी फिरवतात, खांदेकऱ्यांना घेरी येईपर्यंत. त्याला पास्कूचे फेरे म्हणतात. मग पाद्रीबाबा विचारतात, "पेटीत कोण आहे?" आणि अख्खं गाव उत्तर देतं, "आपलं माणूस." तोवर नाव घ्यायचं नाही. कुणाच्या तोंडून चुकून निघालंच, तर त्यानं सगळ्यांना ताडी पाजायची. बागवाडीचे लोक अजून हटकून चुकतात, पण त्यांना परवडतं.

मोठ्या क्रुसाखालच्या त्या तीन कबरी अजून आहेत. मृतांच्या दिवशी गावातला प्रत्येकजण तिथं आधी तीन मेणबत्त्या आणि मूठभर मीठ ठेवतो, मगच घरच्यांच्या कबरीकडं वळतो. कधी एखादा शहरातला पाहुणा बरोबर असतो. तो सहज विचारतो, "यातली तुमची कुठली?"

मग गाव त्याच्याकडं असं बघतं, की त्याला वाटतं आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो.